सहाव्या नंबरची बाटली

सगळ्यात आधी आली ती येसूबाई. कार्यक्रम साडेपाचचा, आणि ही चार वाजता पुढच्या रांगेत, बरोबर पंख्याखाली, पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवून. मी म्हटलं, काय गो, एवढ्या लवकर? तर म्हणाली, तुझं भाषण ऐकायला नव्हे, मागच्या सत्काराला नारळाच्या वड्या मागच्या रांगेपर्यंत पोचल्याच नव्हत्या. ती बघा, हसते आहे. तिच्यानंतर आले ते पाहुणे. यजमानांच्या आधी पाहुणे आलेले मी पहिल्यांदाच पाहिले. सतरंजी अर्धीच उलगडली होती, आणि त्या मोठ्या बाईंनी चप्पल काढून सतरंजीचं एक टोक धरलं. माणूस चांगला निघाला की त्याच्यापुढे लपवायला जास्त जड जातं.

असो. हे माझ्या कागदात नव्हतं. कागदात आहे ते आता वाचते.

आजच्या या सत्कार आणि निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या समाजमंदिर समितीचे माननीय काशीरामभाऊ. लांबचा घाट उतरून, भर पावसात इथवर आलेल्या प्रमुख पाहुण्या, वेदिका जाणार त्या संस्थेच्या डॉक्टर वैष्णवी मॅडम. त्यांच्याबरोबर आलेले निलेश सर. आजची सत्कारमूर्ती, माझी नात कुमारी वेदिका. आणि समोर बसलेल्या आपल्या भाट्ये गावच्या माझ्या वडीलधाऱ्या मंडळींनो, लेकीसुनांनो, भावांनो. सगळ्यांना मालनचा नमस्कार.

मी चौथीपर्यंत शाळेत गेले. पास झाले की नापास ते कळायच्या आधीच मला जाळी विणायला बसवली, त्यामुळे ते अजून कळलेलं नाही. हे भाषण मी कॅलेंडरच्या मागच्या पानांवर चार वेळा लिहिलं. वेदिका म्हणाली, आजी, मी लिहून देते. मी म्हटलं, नको बाय. का नको म्हटलं ते पुढे येईल. मघापासून कागद दोनदा उलटा धरला. काशीरामभाऊ मघाशी कानात म्हणाले, माईकची सवय नसली की होतं तसं. भाऊ, माईकचं काही नाही. मी मासळी बाजारात चाळीस वर्षं बसले, माझ्या आवाजाला माईकची गरज कधी लागली?

तर आनंदाचं आधी सांगते, कारण आनंद खोटा नाही. माझी नात मोठ्या संस्थेत संशोधनाला निघाली. तिचे आईबाप मुंबईला, दोघं नोकरीत. ही कॉलेजासाठी इथे माझ्याकडे राहिली, पाच वर्षं. घरात आम्ही दोघीच. सकाळी आठला ही बाहेर पडायची, संध्याकाळी परत. आली की हातपाय धुवायच्या आधी मला आज काय झालं ते सांगायची. म्हणून थोडं फार मलाही कळतं.

भाऊंनी आत्ता तिच्या विषयाचं नाव वाचलं, शिसेविरहित तांबे-हॅलाइड पेरोव्हस्काइट पदार्थांतील प्रकाश-उत्सर्जन. तीनदा अडखळले. भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, मला पाठ व्हायला दोन वर्षं लागली. पण नाव एवढं लांब असलं तरी वस्तू केवढी? चिमूटभर. हॅलाइड म्हणजे मिठाच्या कुळातली वस्तू. मिठाच्या पिशवीवर आयोडीन लिहिलेलं असतं ना, ते आयोडीन, त्यात तांबं, आणि तिसरं सीझियम म्हणून आहे, ते आपल्या बाजारात मिळत नाही. तिन्ही मिळून पांढरी भुकटी होते. दिवसा बघाल तर तांदळाचं पीठ आणि ती, फरक सांगता येणार नाही. हे लक्षात ठेवा, तांदळाचं पीठ. पण खोली बंद करून तिच्यावर नोटा तपासायचा असतो तसला जांभळा दिवा धरा. थंडीत कधी कधी लाट फुटताना निळी दिसते, ती ज्यांनी होडीतून बघितली आहे त्यांना कळेल. तशी निळी. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा हात जोडले. वेदिका हसली. म्हणाली, आजी, देव नाही गो, तांबं आहे.

मी विचारलं, मग उजेड येतो कुठून? तर तिने माझ्याच हातातलं जाळं ओढून घेतलं. म्हणाली, या भुकटीच्या आत पण जाळं असतं, कणांचं विणलेलं. दिव्याचा उजेड आत शिरला की मासा शिरल्यासारखा. मासा जिथे अडकतो तिथे त्याच्याच वजनाने जाळं खाली बसतं, खळगा होतो, आणि मग त्या खळग्यातून त्याला निघता येत नाही. तो सुटतो तेव्हा निळा उजेड होऊन सुटतो. निलेश सर मान डोलावतायत, म्हणजे मी बरोबर सांगितलं. आमच्या घरात चार पिढ्या जाळी विणतात, पण जाळं असंही बघता येतं हे मला या पोरीने दाखवलं. आनंद होणार नाही तर काय?

पण शिसं नाही, शिसं नाही, असं हे सगळे सारखं म्हणतात ते का, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. उजेड देणाऱ्या असल्या वस्तूंवर जगात खूप ठिकाणी काम चालतं आणि त्यातल्या बऱ्याच शिशाच्या असतात. उजेड फार सुंदर, पण पोटात विष. वेदिकाने शिसं घेतलंच नाही. तिच्या कॉलेजातल्या सरांनी विचारलं होतं, शिशाने काम सोपं जातं, तू तांबंच का धरलंस? तर ही म्हणाली, आमच्या घरात शिसं येऊन गेलंय.

आमच्या यांचं, वेदिकाच्या आजोबांचं नाव भाऊंनी मघाशी घेतलं. मला ते तोंडातून काढायला आजही जड, म्हणून भाऊंचे आभार. तुम्ही सगळ्यांनी त्यांना शेवटची वर्षं ओट्यावर बसलेलं पाहिलं आहे, हात मांडीवर, पंजे खाली लोंबलेले. पोरं विचारायची, आजोबा टाळी का नाही देत? म्हातारपण म्हणून सांगायचो. म्हातारपण नव्हतं. ते सुरू झालं तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते.

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की जाळ्यांची कामं निघायची. जाळं तळाला नेणाऱ्या शिशाच्या गोळ्या आम्ही घरीच ओतायचो. बाहेर पाऊस, म्हणून घरात. वेगळी चूल कोण घालणार, म्हणून माझ्याच चुलीवर. लोखंडी पळीत शिसं वितळायचं, आणि ते उतरलं की त्याच चुलीवर माझी पेज चढायची. त्याच चुलीच्या राखेने मी भांडी घासायची. सगळी घरं तेच करायची, मग शंका कोणी घ्यावी?

मी घेतली होती शंका. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्या साली आमच्या पडवीतल्या कोंबड्या एकामागून एक माना टाकायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, रोग आला. चौथी मरायच्या आत मी कापली, निदान कालवण तरी होईल म्हणून. पोटाची पिशवी उघडली तर आत शिशाचे मणी, चकचकीत, घासून गुळगुळीत झालेले. सांडलेले थेंब दाणे समजून टिपले होते बिचाऱ्यांनी. मी ते मणी ओंजळीत घेऊन उभी राहिले. मला कळलं. पूर्ण नाही, पण कळलं. आणि मी ते मणी धुऊन परत पळीत टाकले. का? घाबरले. घरातली सून, तिने शहाणपणा शिकवायचा? हंगाम तोंडावर, जाळं अर्धं. म्हटलं, सांगू पुढे. दोन पावसाळे गेले. यांना पोटात कळा यायला लागल्या, मग एक दिवस विणायची सुई हातातून पडली ती पडलीच. अंगारे झाले, गाऱ्हाणी झाली. शेवटी शहरातल्या डॉक्टरांनी विचारलं, घरात काय वितळवता? मी पटकन म्हटलं, शिसं. एवढ्या पटकन, की डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. त्यानंतर एकोणतीस वर्षं मी त्यांना हाताने भरवलं. ते कधी काही बोलले नाहीत, कारण त्यांना कोंबडीचं ठाऊकच नव्हतं.

येसूबाई, तू रडू नकोस, तू रडलीस की मला पुढचं सांगता येणार नाही. आणि पुढचंच सांगायचं आहे.

तर वेदिकाच्या भुकटीचं एक दुखणं आहे. तिला ओल सोसत नाही. ओल लागली की निळ्याचं पिवळं होतं. दिवसा पांढरीच, पण दिव्याखाली निळ्याच्या जागी पिवळा उजेड. आणि आपल्याकडची ओल कशी? आषाढात मिठाच्या बरणीत पाणी होतं, काड्यापेटी पेटत नाही, कपाटातल्या साड्यांना बुरशी. वेदिका म्हणाली, प्रयोगशाळेतल्या काचेच्या पेटीत काय, तिथे कुठलीही वस्तू टिकते. माणसांच्या घरात टिकली तर खरं. मग तिने भुकटीवर कसलासा पातळ लेप दिला आणि नऊ बाटल्या भरल्या. बोटाएवढ्या, तोंडाला फक्त फडकं, हवा लागावी म्हणून. अक्षय्य तृतीयेला आमच्या घरात नऊ ठिकाणी ठेवल्या. ओटी, पडवी, माजघर, देवघर, न्हाणी, असं करत. जागेवर नंबराची चिठ्ठी डकवली. सहावा नंबर स्वयंपाकघरातली फळी, शेगडीच्या बाजूला. सगळ्यात जास्त वाफ तिथे, म्हणून त्या बाटलीवर तिचं सगळ्यात जास्त लक्ष. मला बजावलं, आजी, हात लावू नकोस हं. आणि दर रविवारी दिवा घेऊन नऊच्या नऊ बाटल्या बघणार, वहीत लिहिणार.

मी हो म्हटलं. ती कॉलेजला गेली. मी शेगडीवर भात ठेवला आणि फळीकडे बघितलं.

मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? तिने हजार वेळा सांगितलं होतं की यात शिसं नाही. खाऊ नकोस, पण घाबरण्यासारखं नाही. पण तांबं तरी साधं असतं का? कल्हई उडालेल्या तांब्याच्या पातेल्यात सोलकढी करून बघा, कळकून हिरवी होईल आणि घरातली सगळी माणसं आडवी. आणि धातूची भुकटी माझ्या चुलीशेजारी मी एकदा ठेवून बसले होते. पातेल्यावर झाकण ठेवलं, त्यावर ताट ठेवलं, त्यावर पाटा ठेवला. शेवटी भात शिजला नाही आणि मी जेवले पण नाही. तीन दिवस मी फक्त चहा-बटर खाल्लं. चौथ्या दिवशी वेदिका म्हणाली, आजी, तू वाळलीस गो, तब्येत बरी नाही का? तिला काळजी नको म्हणून मी ठरवलं.

दोडकी, पडवळ, काकडी यांचं बी आपण पावसाळ्यात कसं ठेवतो? गाडग्यात राख भरायची, कोरडी, चाळलेली, आणि बी त्यात खुपसून गाडगं माळ्यावर. राख ओल पिऊन टाकते. आमच्या माळ्यावर तसलं गाडगं आहे. मी सहाव्या नंबरची बाटली फळीवरून उचलली, तोंड फडक्याने बांधलेलं होतंच, वर प्लास्टिकची पिशवी बांधली, आणि त्या राखेत गळ्यापर्यंत पुरली. का राखेत? माझ्या स्वयंपाकापासून लांब, एवढंच डोक्यात. आणि पोरीला फळी रिकामी दिसू नये म्हणून तिच्या रिकाम्या बाटल्यांतली एक घेतली, तिच्यात तांदळाचं पीठ भरलं, तसंच फडकं लावलं, आणि चिठ्ठीवर उभी केली.

मघाशी म्हटलं होतं, लक्षात ठेवा.

रविवारी ती दिवा काढायच्या आधी मी देवाला फुलं आणायला म्हणून उठायची, माळ्यावरून खरी बाटली काढायची, राख पुसायची, फळीवर ठेवायची. दिवा झाला की पुन्हा माळा. पहिल्या रविवारी मी तिला सांगणारच होते. तोंड उघडलं होतं. पण पावसाआधीचा तो रविवार, सगळ्याच निळ्या. म्हटलं, काय बिघडलंय? पाऊस लागल्यावर न्हाणीतली पिवळी झाली, मग पडवीतली, मग ओटीवरची. एक एक करत देवघरातली सुद्धा. आणि सहावी? निळी. लख्ख. वेदिका दिवा धरून उभी राहिली, आणि मग तिने मला कमरेला धरून गोल फिरवलं, या वयात. म्हणाली, आजी, सगळ्यात ओल्या जागेची बाटली जिवंत आहे, काहीतरी मोठं आहे यात. आणि मी हसले. तिथे ते जाळं खाली बसलं. मी माझ्याच वजनाने केलेल्या खळग्यात गेले, आणि त्यानंतर सात रविवार मला निघता आलं नाही.

कारण शोधायला ती रात्रंदिवस बसली. शेवटी तिला सुचलं. फोडणीच्या तेलाची वाफ बाटलीच्या फडक्यावर, भुकटीवर बसते, आणि ते तेल ओलीला आत येऊ देत नाही. बाटलीला तेलकटपणा होता का? होता, दर रविवारी माझ्याच हाताचा. खरं तेल बसलं ते पिठाच्या बाटलीवर. तिने यावर तीन पानं लिहिली. इंग्रजीत. मला मराठीत वाचून दाखवली, आणि म्हणाली, आजी, तुझ्या फोडणीचा उल्लेख करते. ती पानं वाचून मॅडम आणि सर आज इथे आले. ती पानं उद्या छापायला जाणार, माझ्या नातीच्या नावाने.

थांबा. पाणी पिते.

आज सकाळी पाहुणे घरी आले. खिडक्यांना चादरी लावल्या, दिवा धरला. आठ बाटल्या पिवळ्या, एक निळी. मॅडम खाली बसून बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, आजी, तुमच्या स्वयंपाकघराने आम्हाला काहीतरी शिकवलं. वेदिकाचे डोळे भरून आले. मी म्हटलं, चहा ठेवते. चहात साखर टाकली की मीठ, आठवत नाही. सरांनी पूर्ण प्यायला, तेव्हा साखरच असावी.

तुम्ही म्हणाल, आधी घरी सांगायचं, भर सभेत का? खरं आहे. काल सांगायला गेले, तर पोर आजच्या साडीला इस्त्री करत गुणगुणत होती. आज रिक्षात सांगणार होते, तर भाऊ मध्ये बसले. पण ही सगळी निमित्तं. खरं कारण वेगळं. मी घरात सांगितलं असतं, तर वेदिकाने मला वाचवलं असतं. माझं नाव न घेता एकटीनेच निस्तरायला गेली असती, आणि लोक म्हणाले असते, पोरीनेच बाटली बदलली. तिला मी ओळखते. म्हणून तिला भाषण लिहू दिलं नाही. मला हे तुमच्या सगळ्यांच्या समोर सांगायचं होतं, म्हणजे उद्या कोणी तिच्याकडे बोट दाखवलं तर तुम्ही शंभर माणसं साक्षीला आहात. तिला ठाऊक नव्हतं. बाटली मी हलवली. पहिले तीन दिवस सोडले तर सहाव्या नंबरची बाटली स्वयंपाकघरात नव्हतीच, रविवारच्या अर्ध्या तासापुरती असायची. ती राखेत होती. फोडणीने काही केलेलं नाही. ती तीन पानं खोटी आहेत, आणि ते खोटं माझं आहे.

मॅडम, तुमचं येणं-जाणं, खर्च, पोरीची जागा, याचं आता काय होईल ते विचारायची मला भीती वाटते, म्हणून विचारत नाही. एकदा मणी धुऊन परत पळीत टाकले होते. दुसऱ्यांदा नको, एवढंच.

वेदू, वर बघ गो.

नाही बघत. ठीक आहे. भाऊ, तुम्ही उठू नका, मला बोलू द्या, अजून आभार राहिलेत. समितीने मघाशी मलाही दिलेली ही शाल मी अंगावर घेतली नाही, खुर्चीवर ठेवली आहे. नारळ खुर्चीखाली आहे. ते समितीने परत...

काय? मंडळी, जरा गप्प बसा, वेदिका काही विचारते आहे. माईकमध्ये ये बाय, लोकांना ऐकू जाऊ दे. नको म्हणते. मीच सांगते तिने काय विचारलं. विचारते आहे, "आजी, गाडगं माळ्यावर कुठे होतं, चुलीच्या वर की कडेला?"

कडेला, बाय. कौलाच्या फटीतून पाणी येतं तिथून दोन हात.

आणि राख किती दिवसांची? फाल्गुनातली. न्हाणीच्या चुलीची. नारळाच्या सोडणांची, वरच्या सालींची. आणि बाटलीच्या आत राख गेली का? नाही बाय, पिशवी होती. दर वेळी पुसली. कशाने पुसली? पदराने.

लिहून घेते आहे. हाताच्या तळव्यावर लिहिते आहे, कागद नाही म्हणून. डोळे पुसते आहे आणि लिहिते आहे. मला काही कळत नाही हे चांगलं की वाईट.

आता मॅडम उठल्या. मॅडम, माईक इकडे आहे. बसूनच बोलतात म्हणे. मला नीट ऐकू आलं नाही, निलेश सर, तुम्ही सांगा. हं. हं. तर मंडळी, मॅडम म्हणतात, ती तीन पानं छापायला जाणार नाहीत. वहीतला सहावा नंबर खोडायचा, आणि का खोडला ते शेजारी लिहायचं, माझ्या नावासकट. बाकी आठ बाटल्या पिवळ्या झाल्या ते खरं आहे, आणि खरं आहे म्हणून उपयोगाचं आहे. लेप अपुरा पडला, एवढं कळलं. राखेत काही नवल नाही, कोरड्या जागेत ती टिकतेच. आणि वेदिकाच्या जागेबद्दल...

मॅडम, हे तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार.

म्हणतात, "जागेचं आज हो पण म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. सहावी बाटली पुन्हा भरा, फळीवर ठेवा, आणि या वेळी आजींनी हात लावायचा नाही. आम्ही येऊन बघू." पिवळी झाली तरी चालेल म्हणतात, फक्त खरी हवी.

म्हणजे निरोप समारंभ झाला, पण निरोप झाला नाही. येसूबाई, वड्या मात्र आजच वाटतील, काळजी करू नकोस. आणि उद्यापासून महिनाभर मी तुझ्याकडे जेवायला येते आहे. माझ्या स्वयंपाकघरात त्या बाटलीजवळ मला एकटीला राहवणार नाही. भीती आता कळली म्हणून काही गेली नाही. काय म्हणतेस? येसूबाई म्हणते, "माझ्याकडे फोडणीला तेल कमी असतं, चालेल का?" चालेल गो.

वेदिका अजून माझ्याकडे बघत नाही. पण मघापासून माझी काठी तिच्या हातात आहे, ती तिने खाली ठेवलेली नाही. ती मला घरी नेईल एवढं दिसतं. घरी काय बोलेल ते घरी.

आता कागदातलं शेवटचं वाचते. समितीचे, काशीरामभाऊंचे आभार. मॅडम आणि सर, मिठाचा असला तरी तुम्ही माझा चहा प्यायलात, त्याचे आभार. तुम्ही सगळे पावसातून आलात, माझं ऐकून घेतलंत. बोलण्यात जे चुकलं असेल ते पोटात घाला. जे वागण्यात चुकलं ते घालू नका, आठवणीत ठेवा, म्हणजे मला पुन्हा धीर होणार नाही. नारळ मात्र मी परत करत नाही. तो नारळी पौर्णिमेला दर्यात सोडते, यांच्या नावाने. पाहुण्यांनी यायचं कबूल केलं आहे ते पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाला.